पेंग्विनची लाईट गेली तर?

मित्रहो, गॅदरिंगच्या वादविवाद स्पर्धेत काही विषय अगदी ठरलेले असतात. 'विज्ञान : शाप की वरदान', 'परीक्षा पद्धत बदलावी का', आणि तिसरा म्हणजे 'प्राणिसंग्रहालये असावीत की नसावीत'. यंदा चिठ्ठीत हा तिसरा निघाला. अनुकूल बाजूनं 'मनोरंजनातून शिक्षण' सांगून झालं, प्रतिकूल बाजूनं 'मुक्या जिवांचा तुरुंग' सांगून झालं, टाळ्या दोन्हीकडं सारख्याच पडल्या आणि मंडळी मेसकडं वळली. वक्ते तयारीचे होते यात शंका नाही. पण दोन प्रश्न कुणीच विचारले नाहीत. एक, तिथं जातं कोण? आणि दोन, ते रोज चालवतं कोण? पहिल्याचं उत्तर आमच्यासारखी कुटुंबं देऊ शकतात. दुसऱ्याचं उत्तर द्यायची जबाबदारी मात्र आपली, म्हणजे स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेणाऱ्यांची. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी पहिला प्रश्न.

मी परभणीकडचा. मे २०१८ मध्ये मी सातवी पास झालो होतो, धाकटी बहीण चौथी. डोंबिवलीला आईच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. लग्न आटोपलं आणि परतीच्या देवगिरी एक्सप्रेसला अजून दीड दिवस होता. अण्णांनी हिशेब मांडला : मुंबईला परत येणं कधी होईल सांगता येत नाही, पोरांना काहीतरी दाखवू. डोंबिवलीच्या मामानं लगेच फर्मान काढलं, "दाजी, उद्या बुधवार नाही ना? मग राणीची बाग आणि तारापोरवाला. एका दिवसात दोन्ही होतं."

बुधवारचा संबंध आम्हांला कळेना. नंतर समजलं की राणीची बाग बुधवारी बंद असते. आठवड्यातून किमान एक दिवस प्राणिसंग्रहालय लोकांना बंद ठेवायचं हा देशभरचा नियमच आहे. प्राण्यांना एक दिवस माणसांपासून सुट्टी! आपल्याला रविवार तसा त्यांना बुधवार.

भायखळ्याला उतरून चालत बागेत गेलो. आईवडील आणि दोन मुलं मिळून कुटुंबाचं तिकीट शंभर रुपये, मामाचे वेगळे पन्नास. बागेचं आताचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण मामापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळे 'राणीची बाग'च म्हणतात. ही बाग १८६२ साली सुरू झाली ती झाडांची बाग म्हणून, प्राणी त्यात मागाहून आले. गोरखचिंचेचं ते अजस्र खोड बघून अण्णा, जे शेतकरी कुटुंबातले आहेत, प्राण्यांपेक्षा जास्त वेळ तिथंच थांबले. आम्ही पोरं मात्र वाघ शोधत होतो. वाघ नव्हताच. बागेचं बांधकाम चालू होतं, वाघाची जोडी तिथं आली ती २०२० मध्ये. आम्हांला मिळाले ते हत्ती, हरणं, मगर आणि पाणघोडा. पाणघोड्यानं जांभई दिली तेव्हा जो वास आला तो कुठल्याही चॅनेलवर येत नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो.

आणि मग पेंग्विन. बाहेर मे महिन्याची मुंबई, अंग चिकट झालेलं, आणि आत शिरलो तर गारेगार. आईनं पदर कानावरून घेतला. काचेपलीकडं काळीपांढरी मंडळी ऐटीत चालत होती. बहिणीनं विचारलं, "बर्फ कुठंय?" तिथल्या फलकावर लिहिलं होतं ते मामानं मोठ्यानं वाचून दाखवलं. हे हम्बोल्ट पेंग्विन. यांचं घर पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर, खडकांमध्ये. तिथं बर्फ नाही, पण शेजारून थंड पाण्याचा सागरी प्रवाह वाहतो. म्हणजे पेंग्विन म्हटला की बर्फ, हे आमच्या डोक्यातलं चित्र कार्टूनमधून आलेलं होतं, ते त्या दिवशी पुसलं गेलं. शंभर रुपयांच्या तिकिटात एक चूक दुरुस्त झाली. आपल्याकडं बॅकलॉगचा फॉर्म भरायला याहून जास्त पैसे लागतात!

दुपारी गिरगाव चौपाटीवर सावली बघून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि मग तारापोरवाला मत्स्यालय. तिथं तेव्हा बारा फुटांचा ॲक्रिलिकचा बोगदा होता. डोक्यावरून, दोन्ही बाजूंनी मासे. बहीण त्या बोगद्यातून पाच वेळा आली-गेली. सहाव्या वेळी अण्णांनी बखोटीला धरून बाहेर काढली.

दोन्हीकडची तिकिटं मिळून पाचशे रुपयांच्या आत काम झालं. हा आकडा मुद्दाम सांगतोय. कारण 'प्राणिसंग्रहालयात आता कोण जातं' असं विचारणारे आपले मित्र ज्या वॉटर पार्कला आणि मॉलमधल्या गेम झोनला जातात, तिथं एका माणसाच्या तिकिटात आमचं अख्खं कुटुंब मामासकट दिवसभर फिरलं. तिथं आमच्या आसपास कोण होतं? नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या, सुट्टीच्या दिवशी बायकोपोरांना बाहेर काढलेले कामगार, गावाकडून दवाखान्यासाठी आलेली आणि एक दिवस मोकळा मिळालेली माणसं. जिम कॉर्बेटच्या सफारीला किंवा अंदमानच्या स्कूबा डायव्हिंगला यातलं कुणी जाणार नव्हतं. जाऊ शकणारही नव्हतं. त्यांच्यासाठी समुद्राच्या आत बघायची खिडकी एकच, ती म्हणजे ती काच.

आता दुसरा प्रश्न, चालवतं कोण? हा प्रश्न आमच्या घरात ज्या व्यक्तीला पडला तिचं शिक्षण दहावी. पेंग्विनसमोर उभी राहून आई म्हणाली, "इथं लाईट गेली तर ह्यांचं कसं होतं रे?"

मामा हसला. म्हणाला, "ताई, ही मुंबई आहे, परभणी नाही. इथं लाईट जात नाही."

मित्रहो, मामाचं हे उत्तर जेमतेम अडीच वर्षं टिकलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई आणि आसपासचा वीजपुरवठा कोसळला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत वीज यायला कित्येक तास लागले. आईचा प्रश्न बरोबर होता. लोडशेडिंगमध्ये संसार केलेल्या बाईला जे पहिल्यांदा सुचतं ते आपल्याला चार वर्षांत एकदा 'रिलायबिलिटी' नावाच्या चॅप्टरमध्ये सुचतं, तेही ऑप्शनला टाकलं नाही तर!

जरा आपल्या भाषेत मांडू. पेंग्विनची जागा साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवावी लागते. मुंबईत मे महिन्यात बाहेरचं तापमान ३३-३४ अंश, हवेत ओल भरपूर. म्हणजे चिलर रात्रंदिवस चालणार. एक चिलर चालू असताना दुसरा तयार हवा, कारण पहिल्याला कधीतरी देखभालीसाठी थांबवावंच लागेल. वीज गेली की काही सेकंदांत जनरेटर उचलला पाहिजे. जनरेटरला डिझेल पाहिजे. डिझेल आहे का हे बघणारा माणूस पाहिजे, आणि तो माणूस दिवाळीच्या रात्रीही ड्युटीवर पाहिजे. पेंग्विन कोरियातून आले, काच परदेशी असेल, पण हे सगळं शेवटी येऊन थांबतं एका ऑपरेटरच्या शिफ्टवर. आपल्या होस्टेलच्या बोअरची मोटार चालू करणारे मामा एक दिवस लग्नाला गेले तर सकाळी काय गोंधळ उडतो तो आपण सगळ्यांनी अनुभवलाय. तिथं तर आंघोळीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

मत्स्यालयात आईचा दुसरा प्रश्न, "एवढं पाणी बदलतं कोण?" आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी, त्यामुळं हा प्रश्न तिच्या तोंडून येणं साहजिकच. याचं उत्तर मला बरंच नंतर कळलं आणि ते मला कुठल्याही यंत्रापेक्षा भारी वाटतं. पाणी फार थोडं बदलतात, बाकीचं तेच तेच फिरवून स्वच्छ करतात. मासे त्यांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात, उरलेलं खाद्य कुजूनही अमोनिया होतो आणि तो त्यांना विष. दिसणारी घाण वाळूच्या फिल्टरमध्ये अडकते, पण अमोनिया पाण्यात विरघळलेला, तो वाळूत अडकत नाही. तिथं कामाला येतात जीवाणू. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं सौम्य, ते थोडं पाणी बदलून काढता येतं. या जीवाणूंची वस्ती नव्या टाकीत बसायला काही आठवडे जातात. म्हणून मंत्रीमहोदय उद्घाटनाला येणार आहेत तर परवापर्यंत टाकी भरून मासे सोडा, असं चालत नाही. मासे मरतात. निसर्गाला डेडलाईन समजत नाही.

आणि हे जीवाणू हवेवर जगणारे. पंप थांबला की त्यांच्याकडं ऑक्सिजनचं पाणी पोचत नाही. मासे एखादवेळ वर येऊन घोट घेत तग धरतील, पण फिल्टरमधली वस्ती मेली तर पुढचे कित्येक दिवस पाणी बिघडत राहतं. त्यात उन्हाळा. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशांना तोच सातच्या आसपास येतो. खाऱ्या पाण्यात याहूनही कमी. आणि गरम पाण्यात माशाची गरज मात्र वाढते. पगार कमी आणि खर्च जास्त, अशी अवस्था.

सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी अजून एक. त्या बोगद्याची जाडी कशावर ठरते? टाकी किती मोठी यावर नाही, पाणी किती खोल यावर. तीन मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब चौरस मीटरला सुमारे तीन टन, मग मागं टँकरभर पाणी असो की अरबी समुद्र. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटमधलं हे सूत्र आपण पाठ करून ओकतो. पण हेच सूत्र आपल्या डोक्यावर, बहिणीच्या डोक्यावर उभं आहे असं समजून बघितलं की पाठ करावं लागत नाही. व्हायवाला 'प्रॅक्टिकल ॲप्लिकेशन सांगा' म्हटल्यावर आपण जे छताकडं बघतो, त्यावरचा उपाय अशा ठिकाणी जाणं हाच आहे.

इथवर गोडगोड झालं. आता कडू.

तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उभं राहिलं. एका पारशी दानशूर गृहस्थांच्या देणगीचा हात त्याला लागला म्हणून त्यांचं नाव. तीन पिढ्यांनी ते पाहिलं. परभणी-लातूरची शाळेची सहल असो की कोकणातून चाकरमान्याकडं आलेली मंडळी, 'मुंबई दर्शन'मध्ये ते असायचंच. २०१५ साली नव्या रूपात उघडलं, बोगदा तेव्हाच आला. २०२० च्या टाळेबंदीत बंद झालं ते झालंच, पुढं इमारतच धोकादायक ठरली. म्हणजे बोगद्यातून पाच वेळा फिरलेल्या माझ्या बहिणीनंतर दोनच वर्षांनी चौथी पास झालेल्या परभणीच्या पोरीला तो बोगदा मिळाला नाही.

मी इथं कुणाला दोषी ठरवायला बसलेलो नाही, तेवढी माझ्याकडं माहितीही नाही आणि अधिकारही नाही. पण काँक्रीटचा विषय शिकलेल्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक आहे. समुद्राकाठी हवेतून मीठ येतं. मत्स्यालयाच्या पोटातही खारं पाणी. मिठातले क्लोराइड काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचले की गंज धरतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, काँक्रीट आतून फुगतं आणि कपच्या सुटतात. अशा इमारतीचं आयुष्य ती बांधताना ठरतं त्याहून जास्त ती सांभाळताना ठरतं. नवा बोगदा बसवला की फोटो येतो. सळईचा गंज तपासला की फोटो येत नाही. आपल्या देशात बांधणाऱ्याचं नाव कोनशिलेवर असतं आणि सांभाळणाऱ्याचं हजेरीपटावर. माझ्या मते प्राणिसंग्रहालयांचा खरा प्रश्न हा आहे.

आता प्रतिकूल बाजूच्या मित्रांकडं येतो, कारण त्यांचं म्हणणं खोटं नाही. जिवंत प्राणी कोंडून ठेवणं ही साधी गोष्ट नव्हे. राणीच्या बागेत २०१६ साली आठ पेंग्विन आले, त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेला. तिथं जन्मलेलं पहिलं पिल्लू १५ ऑगस्ट २०१८ चं, तेही काही दिवसांतच गेलं. पुढच्या वर्षांत पिल्लं जन्मली आणि जगली हेही खरं, पण आधीचा हिशेब त्यानं पुसला जात नाही. काही प्राण्यांना तर कितीही मोठा पिंजरा अपुराच. रोज मैलोन्‌मैल चालणारा हत्ती एकरभर जागेत काय करणार? केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्येच हत्ती संग्रहालयांतून हलवण्याचा निर्णय घेतला होता. २०१३ साली डॉल्फिनचे खेळ आपल्या देशात नाकारले गेले. हे दोन्ही निर्णय मला पूर्ण पटतात.

पण यावरून 'सगळी बंद करा' इथं उडी मारता येत नाही. अरबी ओरिक्स नावाचं हरणासारखं जनावर १९७२ च्या सुमारास रानातून नाहीसं झालं. संग्रहालयांत सांभाळलेल्या कळपांतून ते १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडता आलं. आपल्याकडं घडियाल, म्हणजे लांब तोंडाची सुसर, नामशेष व्हायच्या वाटेवर असताना ओडिशाच्या नंदनकाननमध्ये १९८० साली बंदिवासात तिची पिल्लं झाली. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयानं लाल पांडाचं काम करून दाखवलं. म्हणजे नीट चालवलेलं संग्रहालय तुरुंग असतंच असं नाही, कधी ते दवाखानाही असतं आणि कधी धान्याच्या पेवासारखं, वाईट वर्षासाठी बी राखून ठेवलेलं. वाईट चालवलेलं मात्र तुरुंगच, त्याला दुसरं नाव नाही.

'मोबाइलवर सगळं दिसतं' असं म्हणणाऱ्यांना एकच विचारतो. मोबाइलवर पाणघोडा आणि पाल एकाच मापाची दिसतात की नाही?

तेव्हा माझं मत असं. संग्रहालयं असावीत, पण तीन अटींवर.

पहिली अट, जेवढं सांभाळता येतं तेवढंच ठेवा. परदेशी, दिखाऊ आणि चोवीस तास यंत्रावर जगणारे प्राणी आणण्यापेक्षा आपल्या हवेत जगणारे ठेवले तर वीजही कमी आणि धोकाही कमी. गोदावरीत कुठले मासे आहेत हे आम्हां गोदाकाठच्या पोरांनाच माहीत नाही. खेकडे, निवट्या, तिवरांमध्ये राहणारी मंडळी, महासीर मासा, कासवं, यांची एक टाकी नीट चालवली तर ती परक्या शार्कपेक्षा काय कमी? आणि बांधणीचं बजेट मंजूर करतानाच पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचा पैसा बाजूला ठेवा. तो नसेल तर बांधूच नका. घरात पोर आणायच्या आधी त्याच्या शाळेचा विचार करतातच ना?

दुसरी अट, तिकीट साध्या माणसाच्या आवाक्यात राहू दे. राणीच्या बागेचं प्रौढांचं तिकीट २०१७ पर्यंत पाच रुपये होतं, मग पन्नास झालं. एकदम दहापट म्हणून ओरड झाली, पण चार जणांना शंभर हे मला अजूनही वाजवी वाटतं. देखभाल सुधारायची म्हणून तेच पाचशे-हजार केलं तर अण्णा तिथं जाणार नाहीत, चौपाटीवरच बसतील. मग ज्यांना जगभर फिरायचा मार्ग आहे त्यांच्यासाठीच प्राणी कोंडल्यासारखं होईल, आणि ते मला पटणार नाही. खर्च जास्त येतो तर तो सरकारनं, महापालिकेनं, उद्योगांनी उचलावा. ग्रंथालय नफ्यात चालावं असं आपण म्हणतो का?

तिसरी अट आपल्यासाठी, म्हणजे बघणाऱ्यांसाठी. काचेवर टकटक करायची नाही. आम्ही गेलो होतो त्या दिवशी एक गृहस्थ चांगले कपडे घालून, अंगठीनं काच वाजवत होते, मासा हलावा म्हणून. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, आणि माशाच्या दोन्ही अंगांना पाण्यातली बारीक हालचाल टिपणारी एक रेघच असते. आपल्याला टकटक वाटते, त्याला कुणीतरी पत्र्याच्या खोलीवर दगड मारल्यासारखं. प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं हा कायद्यानं गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. होस्टेलच्या खोलीचं दार पहाटे तीनला कुणी उगाच वाजवून गेलं तर आपण काय म्हणतो ते आठवा आणि हात खिशात ठेवा.

आता थोडं कॉलेजच्या आवारातलं. आपल्याकडं 'डिझाइन'ला मान आहे, 'मेंटेनन्स' म्हटलं की नाक मुरडतात. प्लेसमेंटला एखाद्याला मेंटेनन्स डिपार्टमेंट मिळालं की मित्र त्याचं सांत्वन करतात. सरांनी-मॅडमनी रागावू नये, पण फायनल इयरच्या प्रोजेक्टच्या यादीत दरवर्षी तेच ते लाईन फॉलोअर रोबो असतात. त्याऐवजी एखाद्या गटानं मत्स्यालयाच्या टाकीवर बसवायचं साधं यंत्र का करू नये? तापमान, विरघळलेला ऑक्सिजन, पाण्याची आम्लता दर पाच मिनिटांनी नोंदवेल, आकडा बिघडला की ऑपरेटरच्या मोबाइलला मेसेज जाईल, आणि तोच आकडा टाकीबाहेरच्या पाटीवर लोकांनाही दिसेल. माशाच्या नावाची पाटी असते तशी त्याच्या पाण्याच्या तब्येतीची पाटी. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मेकॅनिकल तिघांनाही काम आहे. संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान आहे, पुण्याला कात्रज आहे, नागपूरला २०२१ पासून गोरेवाडा आहे, मुलं कुठली ना कुठली त्या-त्या भागातली आहेतच. जाऊन विचारायला काय हरकत आहे? पाटी लोकांसमोर लागली की देखभाल आपोआप सुधारते, कारण मग आमच्या आईसारखी कुणीतरी समोर उभी राहून विचारणारच, "हा आकडा काल एवढा नव्हता, आज का वाढला?"

जाता जाता. बहीण यंदा बारावीला आहे. उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाची माहिती काढतेय. घरात कुणालाच हा कोर्स काय असतो ते माहीत नव्हतं, अण्णांना अजूनही वाटतं की पोरगी मासे विकायचं शिकणार. हे सगळं त्या बोगद्यामुळंच झालं असं मी म्हणणार नाही, माणूस कशामुळं काय होतो ते सांगणं कठीण. पण जी गोष्ट कधी पाहिलीच नाही तिचा फॉर्म कुणी भरत नाही, एवढं मात्र सांगता येतं.

म्हणून पुढच्या वर्षी चिठ्ठीत पुन्हा हाच विषय निघाला, तर वक्त्यांना विनंती : 'असावीत की नसावीत' यावर बोलण्याआधी जवळच्या एखाद्या संग्रहालयात जा, तिकीट काढा, आणि प्राणी बघून झाले की मागच्या बाजूला पंपाची खोली कुठं आहे ते विचारा. आत जाऊ दिलं तर ऑपरेटरशी दोन शब्द बोला, त्यांची रात्रपाळी कशी असते ते विचारा. आणि मग स्टेजवर या. तेव्हाची टाळी आम्ही मनापासून वाजवू.